जळणाचा हिशेब
(प्रस्तावना)

देशावरच्या एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या घरी सकाळी सहाला गेलं तर जाळ एकाच ठिकाणी दिसत नाही. ओट्यावर गॅसच्या शेगडीवर चहा उकळत असतो. मागच्या पडवीत चुलीवर भाकऱ्या चाललेल्या असतात आणि वैलावर कालवण रटरटत असतं. न्हाणीपाशी तीन दगडांवर पाण्याचा हंडा चढलेला असतो. त्याखाली तुराट्या, चिपाडं, बाभळीचा फाटा, हाताला लागेल ते. दावणीला चार जनावरं असली तर गोबर गॅसवर दूध तापतं. सुनेला लग्नात मिळालेली इंडक्शन शेगडी फडताळावर कापडाखाली असते. सिलिंडर ऐनवेळी संपला की ती खाली उतरते. अशा घरात पाहणीचा माणूस येतो आणि विचारतो, ‘तुमच्याकडे स्वयंपाकाला मुख्यतः कोणतं इंधन वापरता?’ ओसरीवर बसलेला घरधनी सांगतो, ‘गॅस.’ उत्तर खोटं नसतं. तरीही त्या घरातलं निम्म्याहून अधिक जळण त्या उत्तराबाहेर राहिलेलं असतं. हे पुस्तक त्या बाहेर राहिलेल्या जाळाबद्दल आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले तर चित्र आशादायक आहे. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या ५९.९ टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन होतं. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ७९.७ टक्के झालं. देशाचा आकडा त्याच काळात ४३.८ वरून ५८.६ वर गेला. चार-पाच वर्षांत एवढा पल्ला गाठणं हे फार मोठं काम आहे आणि ते ज्यांनी केलं त्यांना त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण या पाहणीत एका घराला एकच इंधन सांगता येतं. २०११ च्या जनगणनेतही तसंच होतं. ज्या घरात तीन जाळ आहेत त्या घरातले दोन जाळ कागदावर येण्यापूर्वीच विझतात.

माझं म्हणणं साधं आहे. इंधनाची निवड ही घरात एकदा होऊन संपणारी गोष्ट नाही. ती रोज होते, पदार्थागणिक होते, सुगीत वेगळी आणि पावसाळ्यात वेगळी होते, आणि ती करणारी बाई बहुतेक वेळा पैशाची मालकीण नसते. तिचा हिशेब समजून घेतल्याशिवाय कोणतीही शेगडी, कोणतीही योजना चुलीची जागा पूर्णपणे घेऊ शकलेली नाही. आणि चूल पूर्णपणे विझणं गरजेचं आहे; थोडीबहुत विझून भागत नाही. या दोन वाक्यांमधला ताण हाच या पुस्तकाचा विषय आहे.

इंधनाच्या अभ्यासात बराच काळ शिडीची कल्पना मानली जायची. घराची मिळकत वाढली की ते शेण-काटक्यांवरून लाकडावर, लाकडावरून कोळशावर आणि रॉकेलवर, तिथून गॅसवर आणि विजेवर चढत जातं, असा तो समज. २००० साली ओमार मासेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांचा अनुभव मांडून या समजाला धक्का दिला. तिथली घरं वरच्या पायरीवर जाताना खालची पायरी सोडत नव्हती. गॅस आला तरी मक्याच्या तोर्तियांसाठी लाकडाचा जाळ राहिला. हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मेक्सिको दूर वाटू नये. ज्वारीची भाकरी आणि तोर्तिया यांची गरज सारखीच आहे: रुंद तापलेला पृष्ठभाग, कडेने लागणारी धग आणि एकामागून एक वीस-पंचवीस नग काढण्याची सोय. चुलीवर तव्यावरची भाकरी उतरवून पुढच्या आरावर उभी करता येते. ती टम्म फुगते तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते. गॅसच्या एका बर्नरवर तवा बाजूला करावा लागतो, भाकरी थेट जाळावर धरावी लागते, मग तवा पुन्हा ठेवावा लागतो. दोन माणसांच्या घरात यानं काही बिघडत नाही. सुगीच्या दिवसांत दहा-बारा माणसांचं जेवण रानात न्यायचं असतं तेव्हा ही तव्याची उचलठेव बाईच्या खांद्याला आणि वेळेला लागते.

खानदेशात खापरावरचे मांडे, विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळासाठी भात उकडायची मोठी भांडी, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक, जनावरांचं आंबोण. यातलं एकेक काम घ्या आणि ते घरगुती गॅसच्या शेगडीवर कसं करायचं याचा विचार करा. काही कामं होतील, काही होणारच नाहीत, आणि काही होतील पण सिलिंडर आठवडाभर आधी संपेल. चुलीला चिकटून राहण्याला ‘अज्ञान’ किंवा ‘जुनी सवय’ म्हणणाऱ्यांनी ही यादी स्वयंपाक करणाऱ्या बाईसमोर बसून वाचावी असं मला मनापासून वाटतं. चवीचा मुद्दाही मी बाजूला सारत नाही. पण लोक ‘चव’ म्हणतात तेव्हा त्या शब्दाआड अनेकदा धग, भांड्याचा आकार आणि वेळ या गोष्टी असतात. त्या सोडवता येतात. चव म्हणून सोडून दिल्या तर मात्र त्यांच्याकडे कुणी पाहतच नाही.

पैशाचा भाग सर्वांत अवघड आहे आणि या पुस्तकातली सर्वाधिक पानं त्यानेच घेतली आहेत.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. जोडणी घरातल्या बाईच्या नावावर द्यायची आणि प्रत्येक जोडणीमागे सरकारनं १,६०० रुपये द्यायचे, असं तिचं स्वरूप होतं. ८ कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट पूर्ण झालं ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी, आणि तो कार्यक्रम आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. नंतर योजनेचा दुसरा टप्पा आला आणि जोडण्या १० कोटींपलीकडे गेल्या. बाईच्या नावावर काहीतरी असणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही; सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कित्येक जणींच्या हातात गॅसचं पुस्तक स्वतःच्या नावानं आलं.

जोडणी मिळाली, पण पुढचा सिलिंडर? उज्ज्वलातल्या घरांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३ सिलिंडर घेतले. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४ च्या जवळ आला. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर १४.२ किलोचा सिलिंडर महिना ते दीड महिना पुरतो, म्हणजे वर्षाला निदान आठ तरी लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो हे वेगळं सांगायला नको. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात, जिथली ज्वारी-बाजरीची शेती आपल्या सोलापूरकडच्यासारखीच आहे, गॅस वितरकाच्या विक्रीच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी पहिल्या वर्षात सरासरी २.३ सिलिंडर भरून घेतले होते. गावातल्या इतर ग्राहकांच्या निम्म्यानं. उत्तरेकडच्या चार राज्यांतल्या २०१८ च्या एका पाहणीत उज्ज्वलाची जोडणी मिळालेल्या ग्रामीण घरांपैकी ८५ टक्के घरांत लाकूड-शेणाचा वापर चालूच असल्याचं आढळलं.

याला लोकांची बेफिकिरी म्हणण्याआधी पैसा कसा येतो आणि कसा जातो ते पाहावं. मजुरीवर जगणाऱ्या घरात पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो आणि बाजारातच संपतो. तेल पावशेर घेता येतं, चहाची पुडी घेता येते, साखर पन्नास रुपयांची घेता येते. सिलिंडर मात्र एका दमात घ्यावा लागतो. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचा भाव अकराशेच्या वर गेला होता. उज्ज्वलाच्या ग्राहकाला मे २०२२ पासून २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागलं खरं, पण ते खात्यात नंतर जमा होतं. दारात सिलिंडर आला तेव्हा पूर्ण रक्कम मोजावी लागते. सुरुवातीच्या काळात आणखी एक अडचण होती. शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जाऊ घेतलेल्यांचं अनुदान त्या कर्जापोटी वळतं केलं जायचं. म्हणजे ज्यांना स्वस्त गॅसची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच पहिले काही सिलिंडर पूर्ण भावानं पडले. या एका तपशिलानं किती घरं पहिल्याच वर्षी चुलीकडे परतली असतील याचा विचार करून मला अजूनही वाईट वाटतं. ५ किलोचा लहान सिलिंडर हा यावरचा सरळ उपाय आहे. तो योजनेत आहे, पण त्यानं मोठ्या सिलिंडरची जागा घेतली नाही, कारण दुर्गम वाडी-पाड्यावर दर पंधरवड्याला सिलिंडर पोचवायचा तर खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न उरतोच.

सरपणाला मात्र रोख लागत नाही. त्याला बाईचा वेळ लागतो आणि वेळेची पावती कुणी फाडत नाही. ज्या घरात बाई दिवसाला तीनशे रुपयांच्या मजुरीवर जाऊ शकते तिथे मोळी आणण्यात घालवलेली सकाळ महाग पडते, आणि अशा गावांत गॅसचा वापर वाढतो. जिथे तिला मजुरीच मिळत नाही तिथे घर तिचा वेळ फुकट धरतं. गॅसचा भाव बाजारात ठरतो, पण सरपणाचा भाव बाईला बाहेर किती काम मिळतं यावर ठरतो. गॅस परवडत नाही म्हणून चूल, हे अर्धं खरं आहे. बाईच्या वेळेला किंमत नाही म्हणून चूल, हे उरलेलं अर्धं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात हा भाव आणखी भयंकर होतो. तिथे सरपणाला, मोहाला, तेंदूपत्त्याला जंगलात गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. तिथल्या व्याघ्रप्रकल्पांच्या भोवतालच्या गावांसाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये जन-वन विकास योजना आणली आणि तीत गॅसला ७५ टक्के अनुदान दिलं. जंगल वाचवण्याच्या आणि जीव वाचवण्याच्या दोन्ही हिशेबांत ते शहाणपणाचं होतं.

आता धुराकडे वळतो, कारण धूर का होतो हे कळल्याशिवाय शेगड्यांचा इतिहास कळत नाही.

लाकूड स्वतः पेटत नाही. तापल्यावर त्यातून वायू सुटतात आणि ते वायू पेटतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेसं तापमान मिळालं तर जाळ स्वच्छ असतो. चुलीत हे दोन्ही एकत्र क्वचित मिळतं. जाळ वर येतो तो थेट भांड्याच्या गार बुडाला लागतो, वायू अर्धवट जळतात आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. लाकूड ओलं असलं तर आधीच कमी असलेली उष्णता पाणी उडवण्यात जाते. पावसाळ्यातल्या स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवता येत नाहीत ते यामुळे. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच भांड्यात उतरते. गॅसच्या शेगडीत ६० टक्क्यांहून अधिक. शेगडी बनवणाऱ्यांची खरी अडचण अशी की भांडं जाळाच्या जवळ आणलं तर लाकूड कमी लागतं, पण वायू लवकर गार होऊन धूर वाढतो. भांडं वर नेलं तर जाळ नीट जळतो, पण लाकूड जास्त जातं. बचत आणि स्वच्छता या दोन गोष्टी एकाच मातीच्या चुलीत एकत्र नांदायला सहज तयार होत नाहीत.

तरीही प्रयत्न झाले आणि त्यातले महत्त्वाचे प्रयत्न आपल्याकडे झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं ‘मगन चूल’ तयार केली. खेड्यातल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी हा राष्ट्रीय प्रश्न आहे असं मानणारी ती माणसं होती. पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो बंद झाला तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. महाराष्ट्रात ‘आरती’ ही पुण्याची संस्था, डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली उभी केलेली, या कामात होती. साच्यातून काढलेली दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल त्यांचीच. गावातल्या कुंभारांनी आणि बायकांनी ती बनवून विकावी, फुकट वाटपावर विसंबू नये, हा त्यांचा आग्रह मला आजही योग्य वाटतो. याच संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली, जे पाचट शेतकरी फडातच पेटवून देतात ते. या कामाला २००२ मध्ये आणि घरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या गॅस संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण अशा सुधारित चुलींचं पुढे काय होतं? ओडिशात २,६०० घरांचा चार वर्षं मागोवा घेणारा अभ्यास झाला. त्यात दिसलं की पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला आणि पुढे हा फायदा नाहीसा झाला. धुराड्यात काजळी साठली, कुणी झाडली नाही. चूल तडकली, कुणी लिंपली नाही. हळूहळू वापर घटला. हे वाचून ‘लोकांना किंमत नाही’ असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते दोष वेगळ्याच ठिकाणी आहे. साधी चूल बाई स्वतः घालते, स्वतः सारवते, मोडली तर दुपारी पुन्हा उभी करते. बाहेरून आलेल्या चुलीची मापं दुसऱ्या कुणाला माहीत होती आणि तो माणूस एकदाच गावात आला होता. शिवाय धुराडं धूर नष्ट करत नाही, छपराबाहेर नेतं. दाट वस्तीत तो शेजारच्या खिडकीतून आत येतो.

बाजाराच्या वाटेनं गेलेला मोठा प्रयोगही महाराष्ट्रात झाला. ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी २००६ पासून विकली जाऊ लागली. आधी बीपी या तेल कंपनीनं आणि २००९ पासून पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचं तंत्र घडलं होतं. शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेल्या कांड्या तीत घालायच्या, छोटा पंखा हवा द्यायचा, आणि जाळ जवळजवळ गॅससारखा निळसर निघायचा. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. मग कारखान्यांच्या बॉयलरसाठी त्याच टाकाऊ मालाला मागणी आली, कांड्यांचा भाव चढला आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. विकत घेणाऱ्यांत मुळातच गॅस असलेली घरं बरीच होती; त्यांना गॅसची बचत हवी होती. शेगडी उत्तम असून भागत नाही, तिचं जळण दहा वर्षं एका भावात मिळेल का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो, एवढं या प्रयोगानं पक्कं केलं.

गोबर गॅसची गोष्ट अधिक सुखाची आहे, जरी ती सगळ्यांसाठी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले होते. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई, खत आणि गॅस यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी संडासाला जोडलेली गॅस संयंत्रं उभी केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं गावोगाव बायोगॅस पोचवला आहे आणि त्या भागात फिरलं की गॅसच्या शेगडीपेक्षा बाहेर पडणाऱ्या स्लरीचं कौतुक जास्त ऐकू येतं. शेतकऱ्याच्या हिशेबात खत आधी येतं, जाळ नंतर. लहान कुटुंबाच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, तेवढंच पाणी आणि ते कालवायला एक माणूस. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, आणि बैल गेले तिथे टाक्या गंजल्या. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत ते भूमिहीन या वाटेनं जाऊच शकत नाहीत.

छातीच्या दुखण्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडंच सांगतो. संशोधक कर्क स्मिथ यांनी १९८१ मध्ये गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला आणि जगाला पहिल्यांदा त्याचं प्रमाण कळलं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की आयुष्यात कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही मोठ्या प्रमाणावर सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, होतो आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० मध्ये घरातल्या धुरानं जगात ३२ लाख मृत्यू झाले.

इथे एक कटू गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गरोदर बायकांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. भारतातला भाग तामिळनाडूत होता. निम्म्या घरांना गॅस आणि शेगडी फुकट, अखंड पुरवली. घरातला धूर खूप घटला, चुलीचा वापर जवळजवळ थांबला. तरी बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही, हे २०२२ मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा काढणं चूक होईल. गरोदरपणात काही महिन्यांपुरता धूर थांबवून आईच्या आयुष्यभराच्या धुराची भरपाई होईल ही अपेक्षाच जादा होती असं मी मानतो. धुराचं प्रमाण आणि आजार यांचं नातंही सरळ रेषेत नसतं. धूर निम्म्यावर आला म्हणून आजार निम्म्यावर येत नाहीत. बराचसा फायदा अगदी शेवटच्या टप्प्यात, हवा खरोखर स्वच्छ झाल्यावर पदरात पडतो. शेजारच्या चार घरांत चूल पेटत असेल तर एकटी गॅसवाली बाई स्वच्छ हवेत नसते. म्हणूनच वर म्हटलं की चूल पूर्णपणे विझायला हवी, आणि एका घरात नव्हे, सगळ्या आळीत.

शहरानं हा प्रवास कसा केला हे थोडक्यात आठवावं. वखारीतला कोळसा, भुशाची शेगडी, रॉकेलच्या रांगा, पिन मारमारून पेटवलेला पंपाचा स्टोव्ह आणि त्याच्या भडक्यात होरपळलेल्या सुना, हे सगळं मुंबई-पुण्यानं पाहिलं. मग गॅससाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं आलं, खासदारांच्या कोट्यातून जोडणी मिळवणं आलं. शहरातल्या घरांनी फुप्फुसांचा विचार करून गॅस घेतला नाही. दोन खोल्यांत जळण ठेवायला जागा नव्हती, सकाळी आठची लोकल होती. आणि तो गॅस कित्येक दशकं सरकारी अनुदानानं स्वस्त ठेवलेला होता. आज खेड्यातल्या मजूर बाईला गॅसवर अनुदान द्यायचं म्हटलं की ज्यांना हिशेब आठवतो, त्यांनी हा मागचा हिशेबही मांडावा.

महामार्गांवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ असे फलक दिसतात. जेवणारा शहरातून गाडी घेऊन आलेला असतो आणि भाकरीची चव घेऊन परत जातो. आत भाकऱ्या थापणारी बाई दिवसाचे आठ-दहा तास त्या धुरात बसलेली असते. धुराड्याची आणि वाऱ्याची नीट सोय असलेली अशी खानावळ चालवणं काही अवघड नाही. जेवणाऱ्यांनी एकदा आत डोकावून विचारावं, एवढी विनंती मला करायची आहे.

शेवटी, या पुस्तकाच्या रचनेबद्दल. चुलीचा अभ्यास स्वयंपाकघरापासून सुरू होतो अशी वाचकाची अपेक्षा असेल. महाराष्ट्रात मात्र गॅस आल्यावर सगळ्यांत उशिरा विझणारा जाळ स्वयंपाकाचा नसतो, आंघोळीच्या पाण्याचा असतो. पाच माणसांचं पाणी तापवायचं म्हणजे शंभर लिटरच्या आसपास पाणी, रोज. खेड्यातलं क्वचितच एखादं घर त्यासाठी सिलिंडर खर्च करतं. योजना स्वयंपाक मोजते, पाहणी स्वयंपाकाबद्दल विचारते, आणि न्हाणीपुढचा जाळ कुणाच्याच हिशेबात नाही. या जाळात सगळ्यांत वाईट जळण जातं: ओली लाकडं, जुने टायर, चपला, पेटायला सोपी म्हणून प्लास्टिकची पिशवी. हे काम सूर्यावर सहज होण्यासारखं आहे, पण सौर बंबाला वर टाकी लागते, टाकीला नळाचं पाणी लागतं, आणि क्षारयुक्त बोअरच्या पाण्यानं नळ्या दोन-चार वर्षांत धरतात. पाणीपुरवठ्याच्या योजना आणि इंधनाच्या योजना दोन वेगळ्या खात्यांत बसलेल्या आहेत. त्यांची गाठ घालून द्यायला कुणी नाही. ज्या गावांत घरोघरी नळ आला आहे तिथे हा जाळ विझवणं गॅसच्या दोन वाढीव सिलिंडरांपेक्षा स्वस्त पडेल का, याचा घरागणिक हिशेब पहिल्या प्रकरणात मांडला आहे. पुस्तकाची सुरुवात त्यामुळे न्हाणीघरापासून होते. स्वयंपाकघर दुसऱ्या प्रकरणात येतं.